डाव्या बाजूचं निवेदन

पोलिसांच्या नोंदवहीत माझं नाव आयुष्यात एकदाच लागलं, आणि तेही भारताच्या फुटबॉल संघाच्या लेफ्ट बॅकमुळे. चौतीस वर्षं मी महाविद्यालयाच्या कार्यालयात काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. या काळात प्राचार्यांशी खटके उडाले, वरून माझ्या टिपण्या परत आल्या, पण पोलीस कधी दारात आले नाहीत. ते निवृत्तीनंतर आले. म्हणून हा खुलासा. खुलासा लेखी असावा असा माझा आग्रह आहे, कारण तोंडी दिलेला खुलासा ऐकणारा आपल्या सोयीने लक्षात ठेवतो.

आमच्या पूर्णेत फुटबॉल कुठून आला असं परभणीची माणसं हसून विचारतात. रेल्वेने आला, दुसरं कशाने येणार. जंक्शन असल्यामुळे चार प्रांतांची माणसं इथे नोकरीला आली आणि त्यांनी रेल्वेच्या मैदानावर दोन गोलपोस्ट उभे केले. माझे मित्र लिंबाजी त्या संघाचे वीस वर्षं गोलकीपर होते. नोकरी कीमनची, म्हणजे पाना आणि हातोडा घेऊन रोज सहा किलोमीटर रूळ तपासत चालायचं. संध्याकाळी तेच पाय घेऊन गोलात उभं राहायचं. मी स्वतः फुटबॉल खेळलेलो नाही. एकदा चेंडूला लाथ मारली होती तेव्हा चप्पल चेंडूपेक्षा लांब गेली. पण बघण्यासाठी खेळावं लागतं असं काही नाही. मी गेली पस्तीस वर्षं बघतो आहे आणि मला त्यातलं सगळं कळतं, असं त्या वेळी माझं मत होतं.

आमच्या बैठकीतले तिसरे व्यंकटराव. ते विमा एजंट आहेत आणि आकड्यांवर त्यांचा फार जीव. कोणाच्या पायात चेंडू किती टक्के वेळ होता हे ते मोबाईलमध्ये बघून सांगतात. रोज सकाळी साडेसहाला स्टेशनसमोर शिवशंकरच्या हॉटेलात आम्ही तिघं बसतो. शिवशंकर चहा देतो आणि भारतीय फुटबॉलचं काय करायचं ते आम्ही ठरवतो.

त्या दिवशी प्रकरण गंभीर होतं. आदल्या संध्याकाळी भारताने एका अशा देशाशी बरोबरी केली होती, ज्याची लोकसंख्या व्यंकटरावांच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या जिल्ह्याहून कमी आहे. शून्य-शून्य. आणि प्रशिक्षकाने डाव्या बाजूला बचावाला, म्हणजे लेफ्ट बॅक म्हणून, उजव्या पायाचा खेळाडू लावला होता. चांगला डावखुरा पोरगा नव्वद मिनिटं बाकावर बसून होता. लिंबाजींनी चहाला हात लावला नाही. त्यांनी टेबलावर रिकामे ग्लास मांडले, तंबाखूची डबी डाव्या बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हे बघा. ह्याच्याकडं चेंडू आला की ह्याला आधी उजव्या पायावर वळावं लागायलंय. हा वळेपर्यंत समोरचा निघून जायलाय. हे लहान लेकराला कळतंय, ह्या साहेबाला कसं कळंना?"

मी म्हणालो, त्यांना कोणी सांगितलं नसेल. मोठ्या माणसाला त्याच्या हाताखालचे खरं सांगत नाहीत, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. व्यंकटराव म्हणाले, मग आपण सांगू. आणि इथेच, मागे वळून बघताना, आमची चूक झाली.

दुसरीकडची माणसं अशा वेळी मोबाईलवर शिव्या लिहितात. आम्ही त्यातले नाही. आमच्या तालुक्यात कोणालाही काही सांगायचं असेल तर निवेदन देतात आणि ते तहसीलदारांच्या मार्फत देतात. गाडीला थांबा हवा असेल तर तहसीलदारांच्या मार्फत, पीकविमा अडला तर तहसीलदारांच्या मार्फत. आमच्या गल्लीतल्या एकाने पावसाचे अंदाज चुकतात म्हणून हवामान खात्याला निवेदन दिलं होतं, तेही त्यांच्याच मार्फत. म्हणून 'मा. मुख्य प्रशिक्षक, भारतीय फुटबॉल संघ, मार्फत मा. तहसीलदार' हा मायना मी लिहिला तेव्हा आमच्यापैकी कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. फक्त घरी बायकोने, पद्मजाने विचारलं, की प्रशिक्षक तहसीलदारांच्या हाताखाली येतात का. ती शाळेत शिक्षिका आहे, तिला प्रश्न विचारायची सवय आहे. मी तिला 'मार्फत' आणि 'हाताखाली' यातला फरक समजावून सांगितला. ती भाजी निवडत ऐकत होती.

मसुदा सात मुद्द्यांचा झाला. माझ्या उमेदीतसुद्धा इतका बांधेसूद मसुदा माझ्या हातून उतरला नव्हता. तहसीलच्या बाहेर झाडाखाली टाइप करून देणारा बसतो, त्याने तो टाइप केला आणि विचारलं, "साहेब, इशारा कुठाय?"

मी म्हणालो, इशारा नाही, ही विनंती आहे. तो म्हणाला, इशारा नसला तर कागद नोंदवून घेणारे आवक-बारनिशीवाले तो तळाशी घालतात. त्याच्याकडे शेवटचा परिच्छेद तयारच होता: मागणी मान्य न झाल्यास येत्या सोमवारपासून तहसील कार्यालयासमोर आमरण उपोषणास बसण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील. मी बिचकलो. व्यंकटराव म्हणाले, "राहू द्या हो. शेवटचा परिच्छेद कोण वाचतंय." हे मला पटलं, कारण चौतीस वर्षांत मी कोणत्याही निवेदनाचा शेवटचा परिच्छेद वाचलेला नव्हता. अक्षर चांगलं म्हणून पहिली सही माझी घेतली. निवेदन देताना फोटो काढायचा असतो, तोही काढला. सगळ्यांनी कागदाचा एकेक कोपरा धरायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं.

तीन दिवसांनी हवालदार आले. माझं नाव विचारलं, नोंदवहीत लिहिलं आणि उपोषणापासून परावृत्त व्हावे अशी नोटीस माझ्या हातात दिली. मग चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "कशासाठी बसायलाव साहेब? पाण्यासाठी का रस्त्यासाठी?" मी म्हणालो, लेफ्ट बॅकसाठी. त्यांनी नोंदवही चाळली आणि म्हणाले, हे नाव आपल्या हद्दीतलं दिसत नाही.

गल्लीत बातमी पसरायला तेवढं पुरे होतं. शेजारचे आबासाहेब संध्याकाळीच आले. ते आजवर नऊ उपोषणांना बसलेले आहेत आणि या विषयात त्यांचा शब्द मानतात. त्यांनी सांगितलं, की मंडप तहसीलसमोरच्या कडुलिंबाच्या पूर्वेला टाका, दुपारी दोननंतर तिथे सावली येते. गादी घरची घ्या. आणि लिंबू सरबत कोणाच्या हातून घ्यायचं ते आधीच ठरवून ठेवा, नायब तहसीलदाराच्या खाली उतरू नका, एकदा उतरलात की पुढच्या वेळी तलाठी पाठवतात. मी म्हणालो, मला बसायचंच नाही. ते म्हणाले, असं पहिल्या वेळी सगळ्यांनाच वाटतं.

पद्मजाने माझा रिपोर्ट काढून समोर ठेवला. "जेवणाआधीची साखर एकशे ऐंशी आहे. तुम्ही सकाळच्या चहाला दहा मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेता." मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "मग सोमवारचा डबा करू की नको तेवढं सांगा." बायकोने आपल्या त्यागाची अशी वासलात लावली की माणूस आतून खचतो. मी डबा कर म्हणून सांगितलं.

पण डबा मंडपात न्यायची वेळ आली नाही. उपोषणाचा इशारा आला की मागणीच्या अनुषंगाने काहीतरी कार्यवाही केल्याचं कागदावर दाखवावं लागतं. निवेदन प्रशिक्षकांकडे पाठवण्यासाठी वर गेलं (ते अजून प्रवासात आहे, शेवटचं पुण्याला बघितलं गेलं असं कळतं) आणि इकडे मला तालुका क्रीडा समितीचं पत्र आलं. आपली फुटबॉलविषयीची तळमळ लक्षात घेऊन, आंतरतालुका स्पर्धेसाठी मुलींचा संघ निवडण्याच्या समितीवर आपणास सदस्य म्हणून घेण्यात येत आहे, सबब उपोषण मागे घ्यावे. मी ते पत्र चारदा वाचलं. शिवशंकरच्या हॉटेलातही मोठ्याने वाचलं. नमुना म्हणून पत्र चांगलं होतं.

सगळ्यांत जास्त आनंद लिंबाजींना झाला. आणि का झाला ते मला लगेच कळलं. त्यांची नात राजेश्री नववीत आहे आणि गोलकीपर आहे. आजोबांनीच तयार केलेली, आजोबांचेच जुने हातमोजे घालून खेळणारी. लिंबाजी तेवीस वर्षांचे असताना रेल्वे विभागाच्या संघाची निवड झाली होती. तीन दिवस चाचणी झाली, चौथ्या दिवशी यादी लागली, यादीत त्यांचं नाव नव्हतं. का नव्हतं ते कोणी सांगितलं नाही. ही हकिकत मी त्यांच्या तोंडून निदान शंभरदा ऐकली असेन, आणि दर वेळी ती 'का ते कोणी सांगितलं न्हाई' इथेच संपते. त्या दिवशी त्यांनी फक्त माझ्या चहाचे पैसे दिले, जे आमच्यात कोणी कोणाचे देत नाही.

समिती तीन जणांची होती. एक शिक्षक मतदार यादीच्या कामावर गेले होते. दुसरे आले, पण म्हणाले, "माझं खो-खो हाय साहेब. तुमीच बघा, मी सही करतो." अशा रीतीने पूर्णा तालुक्याचा मुख्य प्रशिक्षक, निवडकर्ता आणि चेंडूत हवा भरणारा मी एकटा झालो.

चाचणीला एकोणीस मुली आल्या. राजेश्री चांगली खेळली. धीट पोरगी, समोरून कोणी धावून आलं तरी पाय रोवून उभी राहते. पण उंच चेंडू तिच्या बोटांना लागून मागे जात होता, कारण बोटंच तिथपर्यंत पोचत नव्हती. मग ताडकळसची रोहिणी गोलात उभी राहिली. तिचे वडील टरबुजं विकतात, आणि टेम्पोवरून फेकलेली टरबुजं खाली उभं राहून झेलायचं काम ती सातव्या वर्षापासून करते. तिच्या हातून एकही चेंडू सुटला नाही. मी तिला विचारलं, की भीती वाटत नाही का. ती म्हणाली, "ह्याची कशाची भीती? हा सुटला तर फुटत न्हाई."

गोलकीपर कोण, हे त्या वाक्याला ठरलं. राजेश्रीला बाहेर ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि तिला बाहेर ठेवणं बरोबरही नव्हतं. गोलात उभं राहून तिला पुढचं सगळं मैदान वाचायची सवय झाली होती. चेंडू कुठे येणार ते तिला इतरांच्या आधी कळत होतं. बचावात तिच्याइतकी शहाणी दुसरी कोणी नव्हती. उजवी बाजू भरलेली होती, मधली भरलेली होती. डावी रिकामी होती. मी सगळ्या मुलींना एका ओळीत उभं केलं आणि प्रत्येकीला डाव्या पायाने चेंडू मारायला सांगितला. एकोणीसच्या एकोणीस उजव्या पायाच्या निघाल्या.

मी घरी येऊन यादी लिहायला बसलो. तीन नंबरच्या पुढे, लेफ्ट बॅक म्हणून, राजेश्री असं लिहिलं आणि पेन खाली ठेवला. सात मुद्दे लिहून, सही करून, फोटो काढून मी ज्या गोष्टीचा निषेध केला होता, तीच गोष्ट मी अकरा दिवसांच्या आत केली होती. मला त्या प्रशिक्षकाची आठवण आली. तोही असाच कुठेतरी एकटा कागद घेऊन बसला असेल. तो बाकावरचा डावखुरा पोरगा आजारी असेल, रात्रभर रडला असेल, घरून काही वाईट फोन आला असेल. आम्हाला टेबलावर तंबाखूची डबी तेवढी दिसत होती. मला स्वतःची लाज वाटली, हे इथे नमूद करतो.

यादी दुसऱ्या दिवशी लागणार होती. मी त्याच संध्याकाळी लिंबाजींच्या घरी गेलो. शंभरदा ऐकलेल्या हकिकतीचा शेवट मला माझ्या हातून पुन्हा व्हायला नको होता. त्यांच्या बायकोने, केशरबाईंनी चहा टाकला. मी काय झालं, का झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

लिंबाजी जमिनीकडे बघत होते. "ती ताडकळसची लय चांगली हाय का?"

"उंच चेंडू तिला सुटत नाही, लिंबाजी."

"आन् माझी नात डाव्या बाजूला. उजव्या पायाची."

मी म्हणालो, डाव्या पायाची एकही नाही. ते उठले. नळाला पाणी आलंय, भरून घेतो म्हणाले आणि कळशी घेऊन बाहेर गेले. मी बराच वेळ थांबलो. चहा संपला तरी ते आत आले नाहीत. केशरबाई कप उचलताना हळूच म्हणाल्या, "आज आपल्याकडं नळाचा दिवस न्हाई, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हॉटेलात त्यांची जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. तीस वर्षांच्या मैत्रीत आम्ही फुटबॉलवरून ग्लास आपटले होते, पण जागा कधी रिकामी राहिली नव्हती. व्यंकटराव दोघांचं मन राखत म्हणाले, की तुमचं बरोबर आहे आणि लिंबाजींचंही बरोबर आहे, आणि मग राजेश्रीची बाजू किती टक्के उघडी पडेल त्याचा आकडा सांगितला. मी शिवशंकरच्या हॉटेलात जाणं कमी केलं. राजेश्री सरावाला रोज संध्याकाळी येत होती. तक्रार करत नव्हती, चेंडू आला की उजव्या पायावर वळत होती, आणि प्रत्येक वळण मी मोजत होतो.

परभणीच्या मैदानावर आमचा सामना सोनपेठशी झाला. रोहिणीने सहा गोल वाचवले. आम्ही एक-शून्यने हरलो, आणि तो गोल डाव्या बाजूने झाला. लिंबाजींनी डबीने दाखवलं होतं अगदी तसाच: राजेश्री वळली, तोवर समोरची निघून गेली. परतीच्या गाडीत ती माझ्या समोर येऊन बसली. मी काही समजुतीचं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, पुढच्या येळेला मी वळणार न्हाई." मी मान हलवली. ती काय म्हणाली ते मला त्या वेळी कळलं नव्हतं.

सकाळी हॉटेलापाशी पोचलो तर व्यंकटराव दोन अनोळखी प्रवाशांना ग्लास मांडून समजावत होते, की निवड करणाऱ्याला फुटबॉलमधलं काडीचंही कळत नाही. मला बघून म्हणाले, "जनरल बोलतोय." मी चहा न पिता परत आलो. लिंबाजींची जागा तशीच होती. मला वाटलं, आता ती तशीच राहणार. चुकीचा निर्णय असता तर मी जाऊन माफी मागितली असती. निर्णय बरोबर होता, त्यामुळे माफी मागायला जागाच नव्हती.

आठ दिवसांनी तेच हवालदार पुन्हा दारात आले. "ह्या येळेला तुमच्या विरोधात हाय, साहेब," असं म्हणून त्यांनी एका निवेदनाची प्रत माझ्या हातात दिली. पद्मजा दारात येऊन उभी राहिली. मायना होता: 'मा. श्री. अनंतराव दैठणकर, मुख्य प्रशिक्षक, पूर्णा तालुका मुलींचा संघ, मार्फत मा. तहसीलदार.' खाली अर्जदार म्हणून लिंबाजींची सही. विषय वाचला: कु. राजेश्री हिला डाव्या बाजूलाच कायम ठेवणेबाबत.

'महोदय, वरील विषयी विनंती की, आपण घरी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अर्जदार रोज सकाळी साडेसहा वाजता रेल्वे मैदानावर नातीच्या डाव्या पायाची तयारी करून घेत आहे. त्यासाठी तिच्या उजव्या पायात अर्जदाराचा रेल्वेचा जड बूट घालण्यात येतो, जेणेकरून तिने तो पाय उचलू नये. डाव्या पायाला आता जमत आहे. तरी एका सामन्यावरून घाबरून तिची जागा बदलू नये. ताडकळसची मुलगी गोलात बरोबर आहे, तिलाही हलवू नये. अर्जदारास आपण कारण समक्ष येऊन सांगितले, याची अर्जदाराने नोंद घेतली आहे.'

मग शेवटचा परिच्छेद. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या निवेदनाचा शेवटचा परिच्छेद वाचला, आणि डोळे पुसून पुन्हा वाचला. 'अन्यथा अर्जदार आपल्याबरोबर चहा पिणे कायमचे बंद करील व होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल.'

हवालदारांनी विचारलं, बंदोबस्त लागेल का. मी नको म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी हॉटेलात गेलो नाही, मैदानावर गेलो. राजेश्री एका पायात आपला बूट आणि दुसऱ्यात आजोबांचा भला थोरला बूट घालून उभी होती. लिंबाजी चेंडू टाकत होते. मला बघून त्यांनी बाजूला पडलेल्या रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर जागा केली, मी बसलो. थोड्या वेळाने माझा मोबाईल वाजला, व्यंकटराव होते. भारताचा नवा संघ जाहीर झाला होता आणि प्रशिक्षकाने पुन्हा त्याच उजव्या पायाच्या माणसाला डाव्या बाजूला घेतलं होतं. "आता बोला," ते म्हणाले. "लिंबाजींना विचारा, दुसरं निवेदन टाइप करायला टाकू का?"

मी फोन लिंबाजींच्या कानाशी धरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेंडू पायाखाली दाबला.

"असंल त्याचं कायतरी कारण," ते म्हणाले. "आपल्याला हितून काय दिसायलंय?"

मग त्यांनी चेंडू नातीच्या डाव्या पायाकडे सरकवला.